वरून कारखान्याची, आतून कुणाची? स्टॉक मसल कारच्या ड्रॅग रेसमधले वाद आणि नवख्याने धरायची वाट

१९६४ च्या मार्चमध्ये 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकन मासिकाने पॉन्टिॲक जीटीओची चाचणी छापली. पाव मैल १३.१ सेकंदांत, आणि शेवटच्या रेषेवरचा वेग ताशी ११५ मैल. कारखान्याच्या कागदावर त्या गाडीचं इंजिन ३८९ घनइंची, ३४८ अश्वशक्तीचं. पॉन्टिॲकच्या जाहिरातींचं काम बघणारे जिम वँगर्स यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी कबूल केलं, की त्या गाडीत ३८९ नव्हतंच, ४२१ घनइंची इंजिन बसवलेलं होतं. बॉनेट उघडूनही कुणाच्या लक्षात आलं नसतं, कारण पॉन्टिॲकची ही दोन्ही इंजिनं बाहेरून सारखीच दिसतात.

म्हणजे 'दिसायला स्टॉक', वरून कारखान्यातून आली तशी, हा प्रकार मसल कारइतकाच, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या त्या अमेरिकन गाड्यांइतकाच, जुना आहे, आणि त्यावरून होणारी भांडणंही.

डेट्रॉईटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यातला एखादा कधीतरी कुणा निवृत्त माणसाकडून १९७० ची शेव्हरले शेव्हेल किंवा जीटीओ घेतो, दोन हिवाळे गॅरेजमध्ये घालवतो आणि मग त्याला वाटतं, चला, एकदा ड्रॅग रेसच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या, ट्रॅकवर काढू. हा लेख त्याच्यासाठी. गाडी जोरात कशी पळवावी हे यात नाही. रेस संपल्यावर पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून त्यांवर काम करायच्या जागेत, जो आवाज चढतो, त्यात आपण कुठे उभं राहायचं एवढंच सांगणार आहे.

माझं मत आधीच सांगतो. यातले बरेचसे वाद लबाडीचे नसतात. दोन माणसं दोन वेगळ्या नियमपुस्तकांतून बोलत असतात. उरलेले बहुतेक मोजून मिटतात. मोजता येत नाही अशा गोष्टीवरून भांडायला जाऊ नका, ते भांडण कुणीच जिंकत नाही.

पायरी १: 'स्टॉक' म्हणजे कुणाचं स्टॉक, ते आधी विचारा

एकाच शब्दाखाली इथे किमान तीन वेगळे खेळ चालतात, आणि नवखा माणूस पहिली ठेच इथेच खातो.

पहिला खेळ प्युअर स्टॉक. मिशिगनमधल्या स्टँटन गावच्या ट्रॅकवर नावारूपाला आलेली प्युअर स्टॉक मसल कार ड्रॅग रेस या पंथाची. गाडी शोरूममधून जशी बाहेर पडली, तशीच ती आतूनही असावी ही अपेक्षा. इंजिन जुनं झालं की सिलिंडर थोडे मोठे करून घ्यावेच लागतात, म्हणून तेवढी मुभा मर्यादेत मिळते. कॅमशाफ्ट, हेड, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे सगळं त्या मॉडेलला कारखान्याने जे दिलं त्या जातीचंच. आधी वेळा नोंदवल्या जातात, जवळपास सारख्या वेळेच्या गाड्यांच्या जोड्या लागतात, आणि तीनपैकी दोन धावा जिंकेल तो जिंकला.

दुसरा खेळ फास्ट. हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आहे, आणि अर्थ साधारण असा की दिसायला कारखान्याची आणि टायरही कारखान्याच्याच मापाचे. इथे गाडी दिसली पाहिजे स्टॉक, बॉनेटखालीही. हेडर (धूर बाहेर सोडणाऱ्या सुट्या, मोकळ्या नळ्या) नकोत, ओतीव लोखंडी मॅनिफोल्डच दिसलं पाहिजे, सायलेन्सर शेवटपर्यंत जोडलेला हवा, एअर क्लीनरचं झाकणही त्या वर्षाचं. आत मात्र तुम्ही काय केलं ते तुमचं तुम्हाला ठाऊक. ४५४ घनइंची इंजिन आत क्रँक बदलून कुठल्या कुठे नेलं तरी चालतं. म्हणूनच मूळची तेरा-चौदा सेकंदांची गाडी इथे दहा सेकंदांच्या आसपास जाते, आणि तीही अरुंद बायस-प्लाय (रेडियलच्या आधीच्या बनावटीच्या) टायरवर. दिसतं तसं नसतं, ही म्हण इथे टोमणा म्हणून नाही, नियम म्हणून चालते.

तिसरा खेळ एनएचआरएचा (नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचा) स्टॉक एलिमिनेटर. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली स्थापलेली ही संस्था. तिथल्या 'स्टॉक' गाडीला स्लिक (गुळगुळीत) टायर असतात, हेडर असतात, सुटताना पुढची चाकं हवेत जातात. नवख्याला वाटतं, ही कसली स्टॉक? पण त्यांच्या पुस्तकाप्रमाणे ती स्टॉकच. कॅमची उचल (झडप किती उघडते ते) कारखान्याइतकी हवी, झडप किती वेळ उघडी राहते यावर बंधन नाही. वर्ग ठरतो वजन आणि अश्वशक्तीच्या गुणोत्तरावर, आणि ती अश्वशक्तीसुद्धा कारखान्याने छापलेली धरत नाहीत. संस्था स्वतःचा आकडा लावते.

तो का लावावा लागला, ही गोष्ट मजेची आहे. १९६८ च्या मध्यात आलेल्या फोर्ड मस्टँग ४२८ कोब्रा जेटची कागदावरची ताकद ३३५ अश्वशक्ती. ज्याने ती चालवली त्याला हा आकडा खरा वाटला नाही. ताकद कमी दाखवली की विम्याचा हप्ता जरा आवाक्यात राहतो आणि गाडी ड्रॅग रेसमध्ये सोप्या वर्गात बसते. म्हणजे नियमातली पळवाट शोधण्याचं काम पिटमधल्या पोरांच्या आधी कारखान्यांच्या ऑफिसांत सुरू झालं होतं.

तर, शेजारच्या पिटमधला माणूस "ही गाडी बेकायदा आहे" असं म्हणाला, की पहिला प्रश्न एकच: कुठल्या पुस्तकाप्रमाणे? लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग रेसमध्ये ज्यांनी कधी गाडी उतरवली असेल, त्यांना हा प्रश्न नवा नाही. तिथेही 'स्टॉक' म्हटलं की एअर फिल्टर बदललेला चालतो का, इथूनच सुरुवात होते.

पायरी २: पुस्तक वाचा, आणि त्यात जे नाही ते जास्त नीट वाचा

नियमपुस्तकाचा स्वभाव ओळखायचा असतो. काही पुस्तकं म्हणतात, 'जे लिहिलेलं नाही त्याला परवानगी नाही.' काही म्हणतात, 'जे मना केलेलं नाही ते चालेल.' पुष्कळशी पुस्तकं यातलं काहीच म्हणत नाहीत, आणि वाद तिथेच पिकतात. एखादा गडी शब्दावर बोट ठेवून म्हणतो, "मॅनिफोल्ड कारखान्याचं हवं असं लिहिलंय. आतून घासलेलं नको, असं कुठे लिहिलंय?" शब्दाने त्याचं बरोबर असतं. हेतूने नसतं.

शंका असेल तर गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी आयोजकांना ईमेल करा. फोन नको. फोनवरचं "चालेल की" हे रेसच्या दिवशी कुणालाच आठवत नाही. ईमेलमध्ये प्रश्न नेमका असावा: गाडीचं वर्ष, मॉडेल, इंजिन, कुठला भाग बदललाय, बदललेल्या भागाचा नंबर. आलेलं उत्तर छापून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा. आणि पुस्तक यंदाचंच बघा. नियम दरवर्षी थोडे हलतात, आणि मित्राने तीन वर्षांपूर्वी पाठवलेल्या फाइलवर भरवसा ठेवून आलेला माणूस तोंडघशी पडतो.

पायरी ३: गाडीची कुंडली सोबत ठेवा

प्युअर स्टॉक प्रकारात हे फार कामाला येतं. इंजिनाच्या ब्लॉकवर, हेडवर, मॅनिफोल्डवर ओतकामाचे नंबर उठवलेले असतात. त्याच्या शेजारी बहुधा तारखेचा संकेत. शेव्हरलेत महिन्याला अक्षर असतं: जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, मार्चला सी, असं पुढे. म्हणजे 'सी १२ ९' दिसलं आणि गाडी १९६९ ची असेल, तर तो भाग १२ मार्च १९६९ ला ओतला. गाडी फेब्रुवारीत तयार झाली असेल आणि हेडवर त्याच वर्षाच्या जूनची तारीख असेल, तर हेड नंतर बदललंय. त्यात लबाडी असेलच असं नाही, पन्नास वर्षांत हेड फुटतातही. पण प्रश्न येणार, तेव्हा उत्तर तयार असावं.

१९६८ पासूनच्या गाड्यांच्या इंजिनावर गाडीच्या नंबराचा काही भागही ठोकलेला सापडतो. कारखान्यातून गाडी कशी निघाली ते सांगणारे कागदही असतात: फोर्डवाल्यांकडे मार्टी रिपोर्ट, पॉन्टिॲकवाल्यांकडे पीएचएसचे (पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसचे) कागद, क्रायस्लरवाल्यांना कधीकधी सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेली कारखान्याची बिल्ड शीट सापडते. जे असेल त्याच्या प्रती काढा, नंबरांचे स्वच्छ फोटो घ्या. ट्रॅकवर गरम इंजिनाखाली आरसा आणि बॅटरी घेऊन नंबर शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

पायरी ४: डोळ्यांवर फार विसंबू नका

बाहेरून बघून इंजिनाचं माप सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक पिटमध्ये एक-दोन असतात. त्यांचं ऐका, पण मनावर घेऊ नका. शेव्हरलेची ३९६, ४०२, ४२७ आणि ४५४ ही मोठी इंजिनं बाहेरून एकसारखीच. ब्यूइकच्या ४०० आणि ४५५ चंही तसंच.

त्यात कारखान्यांनी स्वतःच घोळ घालून ठेवलाय. १९७० च्या शेव्हेलवर ३९६ चा बिल्ला असला, तरी आतलं इंजिन खरं ४०२ घनइंची. "अहो, याचं इंजिन बिल्ल्यापेक्षा मोठं आहे!" असं ओरडत जाणारा नवखा तिथे स्वतःचंच हसं करून घेतो. फोर्डचं ४२७ मोजलं तर ४२६ सुद्धा पुरतं भरत नाही. सुरुवातीच्या जीटीओवर '६.५ लिटर'चा बिल्ला होता, ३८९ घनइंच म्हणजे जेमतेम ६.४ लिटर. आरोप करण्यापूर्वी त्या मॉडेलच्या अशा खोड्या माहीत करून घ्या.

एक साधं हत्यार मात्र खिशात ठेवण्यासारखं आहे: लोहचुंबक. इंजिनाच्या रंगात रंगवलेलं ॲल्युमिनियमचं हेड किंवा मॅनिफोल्ड लांबून लोखंडीच दिसतं, पण चुंबक त्याला चिकटत नाही. फायबरच्या बॉनेटलाही नाही. फास्ट प्रकारात हे चालू शकतं, प्युअर स्टॉकमध्ये नाही. पण दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ही गोष्ट पुस्तकात नसली तरी पक्की आहे. चुंबक टेक इन्स्पेक्शन, म्हणजे गाडीची नियमांप्रमाणे तपासणी, करणाऱ्याच्या हातात द्या, तो लावेल.

पायरी ५: टाइमस्लिप वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. प्रत्येक धावेनंतर जी कागदाची पट्टी मिळते, ती पिटमधल्या दहा तोंडांपेक्षा खरं बोलते.

तिच्यावर सर्वांत वर रिॲक्शन टाइम असतो, म्हणजे हिरवा दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ. मग ६० फुटांची वेळ, ३३० फुटांची, ६६० फुटांची म्हणजे अर्ध्या अंतराची, १००० फुटांची, आणि शेवटी १३२० फुटांची, म्हणजे पाव मैलाची, आपल्या भाषेत ४०२ मीटरची. अर्ध्यावर आणि शेवटी वेगही छापलेला असतो.

नवख्याचा पहिला वाद बहुधा असा: "माझी वेळ कमी, तरी तो कसा जिंकला?" पट्टीवरची पाव मैलाची वेळ गाडी हलल्यावर सुरू होते, दिवा लागल्यावर नाही. समजा तुम्ही १२.९० घेतलेत आणि रिॲक्शन ०.२५. समोरच्याने १३.०० घेतले आणि रिॲक्शन ०.०८. बेरीज करा: तुमचे १३.१५, त्याचे १३.०८. तो सात शतांश सेकंदांनी पुढे, म्हणजे त्या वेगात सव्वातीन मीटरच्या आसपास. यात नियम मोडला नाही, तुम्ही दिव्यावर झोपलात. ही तक्रार घेऊन टॉवरकडे, म्हणजे आयोजकांकडे, जाऊ नका.

आता ताकदीचा संशय. पाव मैलाची वेळ टायरच्या पकडीवर फार अवलंबून असते. सुटताना चाकं घसरली की अर्धा सेकंद सहज जातो. शेवटच्या रेषेवरचा वेग मात्र मुख्यतः ताकद आणि वजन यांवर ठरतो. जुने लोक एक ढोबळ हिशेब करतात: वेगाला २३४ ने भागा, आलेल्या आकड्याचा घन करा, आणि त्याला गाडीच्या चालकासकट वजनाने, पौंडांमध्ये, गुणा. ३,८०० पौंडांची गाडी १०५ मैलांनी रेषा ओलांडते, तर साधारण ३४३ अश्वशक्ती. तीच गाडी ११५ ने गेली, तर ४५१. फक्त दहा मैलांचा फरक, पण शंभराहून जास्त घोड्यांचा.

सुरुवातीच्या त्या जीटीओला हा हिशेब लावून बघा. वजन ३,६०० पौंड धरलं, तर ११५ मैलांना सुमारे ४२७ अश्वशक्ती लागते. कागदावर होती ३४८, आणि तीही त्या काळच्या पद्धतीने, एअर क्लीनर, पंखा वगैरे काढून इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून मोजलेली. (ही पद्धत १९७२ च्या मॉडेलपासून बदलली, म्हणून त्या वर्षी सगळ्यांचे आकडे एकदम पडले.) कुठेतरी पाणी मुरतंय, हे कुणालाही १९६४ सालीच पेन्सिल घेऊन काढता आलं असतं.

पण हा पुरावा नव्हे, सुगावा आहे. कारखान्याचे आकडेच खोटे असू शकतात हे कोब्रा जेटने दाखवलंय. म्हणून कागदावरच्या अश्वशक्तीशी तुलना करण्यापेक्षा त्याच दिवशी, त्याच ट्रॅकवर पळालेल्या त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांशी करा. दिवस तोच हवा, कारण हवा बदलते. जुलैच्या दमट दुपारी गुदमरलेली गाडी सप्टेंबरच्या थंड, कोरड्या सकाळी दोन-तीन दशांश सेकंदांनी सुधारली, तर त्यात इंजिन बदलल्याचा संशय घेण्यासारखं काही नाही.

उलटा प्रकारही असतो. जोड्या वेळेवरून लागतात, म्हणून कुणी मुद्दाम हळू पळून दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी जोडी लावून घेतो. पट्टीत हे दिसतं. अर्ध्या अंतराला ८.३० सेकंद आणि ८४ मैल वेग असलेल्या गाडीची पूर्ण वेळ १३ च्या आसपास आणि वेग १०५ च्या आसपास यायला हवा. पूर्ण वेळेसाठी अर्ध्या वेळेला १.५७ ने आणि वेगासाठी १.२५ ने गुणायचं, एवढाच अंदाज. त्याऐवजी पट्टीवर १३.६० आणि ८८ मैल असेल, तर त्याने पुढच्या अर्ध्यात पाय उचललाय. कधी इंजिन गरम झालं म्हणूनही उचलतात. एका पट्टीवरून बोलू नका. प्रत्येक पात्रता धावेत तेच दिसलं तर बोला.

पायरी ६: काय मोजता येतं आणि काय नाही

इंजिनाचं माप मोजायला हेड काढावं लागत नाही. एक पंपासारखं यंत्र स्पार्क प्लगच्या भोकात बसवतात, त्या सिलिंडरच्या झडपा बंद राहतील अशी सोय करतात, इंजिन फिरवतात, आणि पिस्टन किती हवा ढकलतो ते वाचतात. आठाने गुणलं की घनइंच मिळाले. आकडे किती बोलके असतात ते बघा: शेव्हरलेचं ४५४ इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४ इंच. झिजलं म्हणून बोअर ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर वाढवला, तर ४६७ घनइंच होतात. त्याच ब्लॉकमध्ये स्ट्रोक पाव इंच वाढवणारी क्रँक घातली, तर ४९६. पहिली दुरुस्ती झाली, दुसरी चालाखी. पंपाला दोन्हींतला फरक बिनचूक कळतो, ऐकणाऱ्या कानांना कळत नाही.

कॅमची उचल डायल गेजने झडपेवरच मोजता येते. उचल बरोबर ठेवून झडप उघडी राहण्याचा काळ वाढवणं ही जुनी युक्ती. ती पकडायला क्रँकवर अंशांची चकती लावून मोजायला वेळ लागतो, म्हणून काही ठिकाणी इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालत असताना मॅनिफोल्डमधली निर्वात (व्हॅक्यूम) बघतात. लांब कॅमचं इंजिन तिथे कमी निर्वात दाखवतं आणि अडखळत, लंगडत चालतं. पण १९७० ची ४५० अश्वशक्तीची एलएस६ शेव्हेल मुळातच खडबडीत चालायची. लंगडा आवाज ऐकला की चोर पकडला, असं होत नाही.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं याचा, वाद सगळ्यांत भंपक. कुणीतरी प्रेशर गेज लावतो, आकडा वाचतो आणि "बारा पट आहे!" म्हणून जाहीर करतो. गेजवरचा दाब कॅमवरही अवलंबून असतो, त्यावरून गुणोत्तर सांगता येत नाही. खात्रीने मोजायचं, तर सहसा हेड काढून, त्यावर पारदर्शक पट्टी ठेवून ब्युरेटने रंगीत द्रव सोडावा लागतो. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत केलंय तसंच. पिस्टनची वरची बाजू, गॅस्केटची जाडी हे सगळं हिशेबात धरायचं. एवढं करायची तयारी नसेल, तर कॉम्प्रेशनवर बोलू नये.

टायर

याला पायरी म्हणत नाही, कारण इथे फार शिकण्यासारखं नाही, फक्त सावध राहायचं. मूळ गाड्यांना गुडइयर पॉलिग्लास, फायरस्टोन वाइड ओव्हल असले रेडियलच्या आधीच्या बनावटीचे टायर असत, आणि आज त्यांच्या नव्याने बनवलेल्या प्रती मिळतात. बाजूवर एफ७०-१४ असं लिहिलेलं असतं: अक्षर आकाराचं, ७० हे उंची-रुंदीचं प्रमाण, १४ इंची रिम. तुमच्या मॉडेलला त्या वर्षी कारखान्याने कुठलं माप दिलं होतं, ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. रिम बाहेरून मूळची दिसते पण आतल्या बाजूने रुंद केलेली असू शकते. टेकवाले कॅलिपर लावतात तेव्हा रागावू नका. रबर मऊ करणारं रसायन लावल्याचा संशय असला, तर रबराचा कडकपणा मोजणारं छोटं यंत्र असतं, दोन मिनिटांचं काम. टायरवरून जितकी भांडणं होतात, तितकी होण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

पायरी ७: तक्रार करायचीच असेल तर

लेखी करा, नेमकी करा, वेळेत करा. बहुतेक ठिकाणी धाव संपल्यावर ठरावीक वेळेतच तक्रार घेतात, आणि इंजिन उघडायला लावायचं असेल तर अनामत रक्कम मागतात. गाडी नियमात निघाली तर ते पैसे सहसा गाडीवाल्याला जातात, त्याच्या कष्टाची भरपाई म्हणून. ही अट चांगली आहे. खिशातून पैसे काढावे लागले की निम्मे संशय जागच्या जागी विरतात.

"गाडी फारच जोरात पळते" ही तक्रार नव्हे. "नियम अमुक, कलम तमुक: इंजिनाचं माप मर्यादेबाहेर असल्याचा संशय, पंपाने मोजावं" ही तक्रार. एक मुद्दा, एक मोजमाप. पाच मुद्दे लिहिलेत तर तुम्ही द्वेषाने आलात असंच सगळे समजतात.

आणि आधी त्या माणसाशी बोला. या खेळात बरेच जण साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी ही गाडी तरुणपणी नवी बघितलेली असते, आणि गाडीबद्दल कुणी विचारलं की त्यांना बोलायला आवडतं. "तुमची साठ फुटांची वेळ इतकी चांगली कशी येते?" असं सरळ विचारलं, तर पुष्कळदा टायरमधली हवा, मागच्या स्प्रिंगा, गिअर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर अशी पूर्ण कायदेशीर उत्तरं मिळतात. त्यातलं निम्मं तुम्ही पुढच्या आठवड्यात तुमच्याच गाडीवर करून बघू शकता. तक्रारीपेक्षा हे स्वस्त पडतं.

इंटरनेटवर घरी बसून धावेचा व्हिडिओ बघून निकाल देणाऱ्यांचं मात्र काही करता येत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना उत्तर देत बसू नका.

पायरी ८: बोट तुमच्याकडे वळलं तर

चढलेला आवाज हीच कबुली आहे असं लोक समजतात, म्हणून आवाज चढवू नका. फाइल काढा, आयोजकांचं उत्तर काढा, आणि "मोजा" म्हणा. मोजताना तुमच्या बाजूने एक माणूस उभा ठेवा, तुम्ही स्वतः थोडे लांब राहा. इंजिन उघडायची वेळ आली, तर ते थंड होऊ द्या. घाईत गरम ॲल्युमिनियममध्ये बसवलेला बोल्ट उघडायला गेलं, की आटे जातात आणि नंतर भरपाई कुणाकडे मागायची हा नवाच वाद सुरू होतो. कुठला भाग कधी काढला, कुणी मोजला, किती आला, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

निकाल तुमच्या विरोधात गेला आणि तो मोजून दिलेला असेल, तर तिथेच मान्य करा. नियमाचा अर्थ लावण्यावरून गेला असेल, तर त्या दिवशी मान्य करा आणि हिवाळ्यात आयोजकांना लिहा. बरीचशी पुस्तकं अशाच पत्रांमुळे सुधारली आहेत, कारण पुढच्या वर्षीचा मजकूर हिवाळ्यातच ठरतो.

आणि ट्रेलरमध्ये हेडचे आणि इनटेकचे गॅस्केट, एक लिटर जास्तीचं ऑइल आणि स्वतःचा टॉर्क रेंच ठेवा. मोजणारे इंजिन उघडून देतात. परत बांधून घरी न्यायची जबाबदारी तुमची, आणि रविवारी संध्याकाळी ट्रॅकच्या आसपास सुट्या भागांचं दुकान उघडं मिळेल या भरवशावर राहू नका.